शेवटी कापायचं शेत

डोंगरातल्या थीमूखी गावात मी शिकवायला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "थरामू, गावात कुणाशीही भांड, पण एवाच्या आईशी वाकडं घेऊ नकोस. ती सांगेल तेव्हा आपण भात कापतो." थरामू म्हणजे शाळेतल्या बाई. मला वाटलं, एवाची आई म्हणजे कुणी मोठी जमीनदारीण असणार. बघायला गेले तर घराच्या बांबूच्या जिन्यावर एक काटकुळी बाई बसली होती. तोंडात विझलेली चिलीम, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला ती शिव्या घालत होती. मुलगी शांतपणे सुपारी कातरत होती.

बाईचं खरं नाव नॉ लेसे. पण आमच्या करेन जमातीत पहिलं मूल झालं की आईचं नाव मागं पडतं आणि मुलाच्या नावानं तिला हाक मारतात. मुलगी एवा, म्हणून ही एवाची आई. मी मात्र तिला मूगा म्हणायचे. मूगा म्हणजे मावशी. तेवढं नातं जोडून ठेवलेलं बरं, असा माझा हिशेबी विचार होता.

तिचं काम एकच होतं. पावसाळा संपत आला की रानातली मोठी माणसं कधी खाली उतरणार ते सांगायचं. मोठी माणसं म्हणजे हत्ती. रानाच्या कडेला राहून त्यांचं नाव कुणी घेत नाही, मीही सवयीनं घेत नाही, आता लिहिताना तेवढं घेते. पावसाळाभर तो कळप वरच्या बांबूच्या रानात कोंब खात असतो. उन्हाळा काढायला त्यांना खालच्या खोऱ्यात जायचं असतं, जिथं नदी आटत नाही. आणि मधे आम्ही. आमचं गाव, आमची डोंगरातली भातशेतं, बरोब्बर त्याच दिवसांत पिवळी पडायला लागलेली. वीस-बावीस हत्ती भातात शिरले तर डबे वाजवून, जाळ करून काही होत नाही. दोन वेळा करून पाहिलंय, माणूस गेलाय. शहाणपण एकच, ते यायच्या आत कापून मोकळं व्हायचं. पण फार आधी कापलं तर दाणा दुधात असतो, वाळवला की नुसतं पळींज, पोकळ टरफल, हाती येतं. म्हणून दिवस नेमका कळायला हवा.

आणि म्हणून ती रीत. दरवर्षी गाव शेतं वाटून घेतं तेव्हा ओढ्याच्या उताराजवळचा तुकडा, जिथून कळप ओढा ओलांडतो तो, दिवस सांगणाऱ्या घराला जातो. आणि ते घर आपलं भात सगळ्यांच्या शेवटी कापतं. गावातलं शेवटचं घर कापून झालं की मग त्यांनी विळा हातात घ्यायचा. चुकीचा दिवस सांगितला तर पहिलं नुकसान त्यांचंच. एवाच्या आईच्या आईनं हेच केलं, तिच्या आईनंही. पावसानं बिघडवलेला एक हंगाम सोडला तर एवाच्या आईचा अंदाज तीस वर्षांत कधी दोन दिवसांपलीकडं चुकला नव्हता. त्यामुळं तिनं कुणाला काहीही बोलावं, अशी तिला मुभा होती, आणि ती मुभा ती पुरेपूर वापरायची.

सगळ्यात जास्त बोलणी खायची एवा. ज्या हंगामाची ही गोष्ट, तेव्हा एवा चाळिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई. आमच्याकडे जावई बायकोच्या घरी नांदायला येतो, तसा तिचा नवराही आलेला होता आणि सासूला घाबरून दिवसभर बाहेर असायचा. एवा हळू बोलायची. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. आई तिला ठोंबी म्हणायची, तिच्यादेखत, पाहुण्यांसमोर. "माझ्या पोटी ही ठोंबी आली, आता माझ्यामागं गावाला दिवस कोण सांगणार?" असं म्हणून ती चिलीम झाडायची. लहानपणापासून एवा आईच्या मागं पाठीवर टोपली घेऊन रानात जात आलेली. आईनं तिला कधी काही समजावून सांगितलं नाही. समजावून सांगायची तिला सवयच नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा हंगाम. पाऊस लांबला होता, भात उशिरा निसवलं होतं, सगळ्यांचा जीव टांगणीला. एका दुपारी एवाची आई शाळेत आली. शाळेत ती कधी यायची नाही, तिच्या मते तिथं फक्त आवाज असतो. भिंतीवरच्या माझ्या कॅलेंडरसमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"यात पुनवा असतात?"

"असतात, मूगा."

"बाजाराचे दिवस?"

"तेही आहेत."

"आणि मोठी माणसं कधी उतरणार ते?"

मी हसले. म्हटलं, "ते असतं तर गावानं तुला कधीच निवृत्त केलं असतं." तिनं हसावं अशी माझी अपेक्षा होती. ती हसली नाही, कॅलेंडरवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी बिनसलंय असं वाटलं.

"रविवारी रिकामी असशील तर वर चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि टाचा असलेल्या चपला घालून येऊ नकोस."

रविवारी आम्ही तिघी निघालो. पुढं ती, मधे मी धापा टाकत, मागं एवा टोपली घेऊन. दीड तास चढून खाऱ्या चिखलाच्या डबक्यापाशी आलो. कळप खाली उतरण्याआधी तिथं माती खायला थांबतो, हे गावातल्या पोरांनाही माहीत होतं. एवाची आई काय बघायला येते ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

"करमळाची फळं पडलीत का बघून ये," तिनं एवाला सांगितलं. "आणि झोपू नकोस तिथं."

एवा गेली. मग म्हातारीनं मला डबक्याच्या वरच्या घळीत नेलं. वाळलेल्या फांद्यांचा मोठा ढीग होता, वर वेली चढलेल्या. तिनं दोन फांद्या बाजूला केल्या. आत हाडं होती. एवढी मोठी हाडं मी आधी कधी पाहिली नव्हती.

"शेपूटतुटकी," ती म्हणाली.

शेपूटतुटकी म्हणजे कळपाची म्हातारी, सगळ्यांच्या पुढं चालणारी. कधीतरी तरुणपणी कशात तरी अडकून तिची शेपटी अर्धी तुटली होती. गावात प्रत्येकानं तिला कधी ना कधी लांबून पाहिलेलं.

"कधी झालं हे?"

"गेल्या वर्षीच्या पावसाळ्याआधीच. म्हणजे गेल्या वर्षी कळप उतरला तेव्हा ती नव्हतीच. मीच या फांद्या घातल्या. आतडं तुटत होतं, थरामू. माझ्या लग्नाच्या वर्षी मी तिला पहिल्यांदा बघितलं होतं."

ती खाली बसली. चिलीम काढली, पेटवली नाही. मग एकेक सांगत गेली. म्हाताऱ्या हत्तिणीचे तळवे घासून गुळगुळीत झालेले असतात, चिखलात तिचा ठसा वेगळा उमटतो. बांबूचे कोंब टणक झाले की शेपूटतुटकी आधी या डबक्यावर यायची. तिचा ठसा दिसला की तिथून नवव्या दिवशी कळप ओढ्याच्या उतारावर. दरवर्षी. एवाच्या आईनं तीस वर्षं एवढंच केलं होतं, तो एक ठसा शोधायचा आणि नऊ दिवस मोजायचे.

"दिवस तिला ठाऊक होता," ती म्हणाली. "मला फक्त ती ठाऊक होती."

"मग गेल्या वर्षी?"

"ठोकून दिला. चार दिवस उशिरा आले, गावाला वाटलं पावसामुळं. या वर्षी खालच्या चिखलात ठशांचा नुसता गोंधळ आहे. कोण पुढं, कोण मागं, काही कळत नाही. मी तीनदा येऊन गेले."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आजच गावात आले आहे. "कातडीवाले येतात ना बाजारात. दातही घेतात, नखंही घेतात. गावातल्या कुणी हात लावला नसता. पण कुणीतरी बोललं असतं." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर मला कोण विचारणार होतं? खरं ते हेच. बाकीचं सगळं मी नंतर जुळवलं."

तिचा मला राग आला आणि तेवढीच तिची दयाही आली. पंचवीस घरांचं वर्षभराचं भात हिच्या बोटावर अवलंबून, आणि हिनं गेल्या वर्षी ठोकून दिलं. म्हटलं, "मूगा, या वर्षी असं करू नकोस." ती म्हणाली, "म्हणून तर तुला आणलं. मी मागं फिरले तर तू ढकल." तेवढ्यात खालून एवाची चाहूल आली, आम्ही फांद्या परत सारख्या केल्या. एवानं टोपली खाली ठेवली, ढिगाकडं एकदा बघितलं, आणि म्हणाली, "फळं पडलीत."

"सकाळी विचारलं, दुपारी उत्तर," तिची आई म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी मुखियाच्या घरी बैठक बसली. पुनवेला चार दिवस होते. मुखिया सॉ नेठू, साठीचा, आवाजानं मोठा. गाव त्याला पाती म्हणतं, म्हणजे काका. पानाचं तबक फिरलं, माशाच्या चटणीबरोबर उकडलेले कोंब आले, आणि मग सगळे एवाच्या आईकडं बघायला लागले. एवा नेहमीसारखी दारात बसली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"बोल, एवाची आई," सॉ नेठू म्हणाला. "विळ्यांना धार लावून हात दुखले आमचे."

तिनं माझ्यावर ढकलायची वेळ आणली नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं, हाडं, फांद्या, गेल्या वर्षीचा ठोकलेला दिवस. न थांबता, न रडता.

सगळे एकदम बोलायला लागले. सॉ नेठूचा चेहरा लाल झाला होता. "गेल्या वर्षी आमची पोरं तुझ्या शब्दावर झोपली! चार दिवस उशिरा आले म्हणून वाचलो. चार दिवस आधी आले असते तर?"

"तर तुझ्याआधी माझं शेत गेलं असतं."

"तुझ्या शेतानं माझं पोट भरतं का?"

"नाही भरत, पाती," ती म्हणाली. "म्हणून तर सांगतेय."

कुणी म्हणालं उद्याच कापू. कुणी म्हणालं, दाणा चिमटून बघा, दूध निघतंय, उद्या कापलं तर निम्मं पळींज. कुणी म्हणालं पुनवेनंतर आठ दिवस थांबू, जे होईल ते होईल. मी शाळेतली बाई, मला मत विचारलं गेलं, मी काहीतरी पोकळ बोलले. आणि या सगळ्या गलक्यात दारातून आवाज आला.

"पुनवेनंतर चौथ्या दिवशी येतील."

लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. एवाच्या आईनं सवयीनं म्हटलं, "गप बस, ठोंबे."

एवा गप बसली नाही. गप न बसायला तिला थोडा वेळ लागला, एवढंच. "शेपूटतुटकी गेली ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "आई डावरी आहे. तिच्या विळ्याचा काप उलटा पडतो. त्या ढिगातल्या सगळ्या फांद्या उलट्या कापलेल्या आहेत."

तिच्या आईनं चिलीम तोंडातून काढली.

"आई पुढं चालते, ती पुढचीचा ठसा बघते," एवा म्हणाली. "मी मागं. मला मागचे दिसतात. शेपूटतुटकीच्या मागं नेहमी एक असायची, उजवा मागचा पाय जरा बाहेर टाकते. आता तीच पुढं आहे. गेल्या वर्षीपासून तिच्याबरोबर पिल्लू आहे. म्हणून ती कोंबांचं काही बघत नाही. ती ओढ्याचं पाणी बघते. गेल्या वर्षी डबक्यावरून निघाल्यावर ती उतारावर चार दिवस नुसती उभी होती. पाणी उतरलं, तिसरा दगड उघडा पडला, मग पिल्लाला घेऊन आली. तिसरा दगड उघडा असला की पिल्लाचे पाय टेकतात."

"आज तो दगड कुठं आहे?" सॉ नेठूनं विचारलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता.

"आठ बोटं पाण्याखाली. रोज बोटभर उतरतंय. मी रोज जाते."

"रोज जातेस?" तिच्या आईनं विचारलं. "कधी?"

"तू झोपेतून उठायच्या आधी."

मला वाटलं आता लोक तिची थट्टा करतील. पण पोटाचा प्रश्न होता, आणि दुसऱ्या कुणाकडंच काही नव्हतं. सॉ नेठूनं मात्र रीत सोडली नाही. तो म्हणाला, "हा दिवस कुणाचा? ज्याचा दिवस, त्याचं शेत शेवटी. नीट सांगा, कुणाच्या शब्दावर?"

एवानं आईकडं बघितलं. शेत आईचं होतं. त्या भातावर घरातली पाच तोंडं होती, दोन एवाची पोरं धरून. आई नाही म्हणाली असती तर एवाचा दिवस तिथंच संपला असता, कारण जो शेवटी कापायला तयार नाही त्याचा दिवस कुणी धरत नाही. म्हातारीनं चिलीम उलटी करून बांबूच्या जमिनीवर आपटली. किती वेळ आपटत होती.

"तिनं सांगितलंय," ती शेवटी म्हणाली. "आमचं शेवटी."

तीन दिवस आम्ही थांबलो. ते तीन दिवस मी विसरणार नाही. सगळं गाव शेतात जाऊन दाणा चिमटून यायचं. मुखियाच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी एक कोपरा कापून टाकला आणि विचारल्यावर म्हणाली, "देवाला नव्या भाताचा नैवेद्य नको का?" देवाला चार टोपल्या लागल्या. एवाची आई आता रोज सकाळी एवाबरोबर ओढ्यावर जायला लागली. परत येताना ती काही बोलायची नाही, आणि ती बोलत नाही म्हणून घरातले सगळे घाबरलेले.

"बोटभर उतरलं?" मी विचारायचे.

"उतरलं."

"मग चांगलं आहे की."

"तुझं काय जातंय, थरामू? तुझा पगार काय हत्ती खाणारेत?" एवढी ती घाबरली होती की रानाच्या कडेला नाव घेऊन बसली. मग तिनं स्वतःच जीभ चावली.

चौथ्या दिवशी सावड लागली. रोज पाच-सहा घरांचं शेत, सगळ्यांचे हात. दाणा भरला होता, पूर्ण नाही, पण चावला की कडक लागत होता. सहाव्या दिवशी दुपारी वरच्या डोंगरावर आभाळ फाटलं. आमच्याकडे एकच सर, पण संध्याकाळी ओढा फुगून मातकट झाला. कापलेल्या पेंढ्या भिजल्या. एवा काठावरून परत आली आणि म्हणाली, "दोन दिवस लांबलं. पुनवेनंतर सहावा दिवस."

"वा!" सॉ नेठू म्हणाला. "मोठ्या माणसांनी मुहूर्त पुढं ढकलला म्हणायचा. निरोप पाठवला का त्यांनी?"

लोक हसले. एवाची आई त्या दिवशी उत्तर देईल असं मला वाटलं होतं. ती एवाच्या तोंडाकडं बघत राहिली.

आठव्या दिवशी संध्याकाळी गावातलं शेवटचं शेत कापून झालं. नवव्या दिवशी सकाळी सगळ्यांनी एवाच्या शेतावर जायचं, तासाभरात उरकलं असतं. पण पेंढ्या ओल्या होत्या, उलटायला हव्या होत्या, कोंब फुटायची भीती होती. प्रत्येकाला आपल्या खळ्यावर काम निघालं. सॉ नेठू जिन्यावरूनच म्हणाला, "तुझ्याच पोरीनं दोन दिवस दिलेत, एवाची आई. मग घाई कसली? दुपारी येतो." दुपारी कुणी आलं नाही. मी हे कडवटपणे लिहिते आहे ते मला कळतंय, पण त्या माणसांत बावीस वर्षं राहिले म्हणून लिहिते. परक्यांबद्दल मला एवढं वाईट वाटलं नसतं.

त्या दिवशी शेतात आम्ही पाच जण होतो. एवा, तिचा नवरा, आई, एक शेजारीण, आणि मी. मी विळा धरते तशी लेखणी धरली असती तर माझी पोरं कधी लिहायला शिकली नसती. माझ्या ओळीकडं बघून म्हातारी म्हणाली, "थरामू, तू पेंढ्या उचल. भातावर दया कर." अंधार पडेपर्यंत निम्मं शेत झालं. कापलेलं सगळं वरच्या माचावर नेऊन ठेवलं. आई ओढ्यावर जाऊन आली.

"अजून बोटभर पाण्याखाली आहे," ती म्हणाली.

"उद्या सकाळी उघडा पडेल," एवा म्हणाली.

आम्ही माचावरच्या खोपटात राहिलो. उजाडता उजाडता उठलो. शेतावर धुकं होतं, ओढ्याच्या काठावर ते विरळ झालेलं. तिसरा दगड दिसत होता, काळा, ओला, म्हशीच्या पाठीएवढा. आणि पलीकडच्या काठावर त्या उभ्या होत्या. इतक्या गप्प की मी आधी त्यांना दरडच समजले.

पुढची पाण्यात उतरली. उजवा मागचा पाय जरा बाहेर टाकत ती मधोमध आली, दगडाच्या वरच्या अंगाला आडवी उभी राहिली, म्हणजे पाण्याचा जोर तिच्या अंगावर यावा. मग पिल्लू उतरलं. दगडाशी त्याचे पाय टेकले, सोंड वर करून ते अलीकडं आलं. मागून बाकीच्या. मी मोजायला विसरले.

एवानं हाकारायची बांबूची टाळी उचलली. निम्मं शेत उभं होतं, घरातल्या पाच जणांचं भात. टाळी वाजवून, ओरडून कदाचित थोडं वाचलं असतं. तिच्या आईनं तिचा हात धरला.

"राहू दे. पाण्यात पिल्लू आहे अजून. घाबरली तर मागं फिरेल." मग डोळे पुसून ती म्हणाली, "त्या पुढचीला बघ ना, कशी उभी राहिली. शेपूटतुटकी अशीच उभी राहायची. मी बघितलंय. हीच तेव्हा पिल्लू होती."

"मला माहीत आहे, आई," एवा म्हणाली.

सूर्य डोंगरावर येईपर्यंत ते आमच्या उरलेल्या भातात होते. सोंडेनं बुंध्याशी धरायचे, उपटायचे, पायावर आपटून माती झाडायचे आणि खायचे, सावकाश, कुठलीही घाई नसलेल्या लोकांसारखे. आम्ही खोपटात बसून बघत होतो. एवाचा नवरा मधेच म्हणाला, "निदान नीट चावून तरी खातायत," आणि त्याची सासू हसली. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या बोलण्यावर ती पहिल्यांदा हसली असेल. मग कळप गावाच्या शेतांतून खाली गेला. तिथं नुसते खुंट होते. कुणी थांबलं नाही, एकानंही मान खाली घातली नाही, सरळ खोऱ्याकडं गेले. खाली गावात बायका-पोरं घरांच्या जिन्यांवर उभी राहून ते बघत होती.

दुपारी लोक आले. ज्याचं शेत दिवसापायी गेलं त्याला प्रत्येक घरानं एक टोपली भात द्यायचं, हीही रीतच आहे. पण यापूर्वी तिची कधी वेळ आली नव्हती, त्यामुळं कुणाला नीट माहीत नव्हतं की टोपली केवढी. लाजेपोटी सगळ्यांनी मोठ्या आणल्या. मुखियाची बायको दोन घेऊन आली आणि नैवेद्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

सॉ नेठू सगळ्यांच्या मागून आला. टोपली जिन्याशी ठेवली, उगाच खाकरला. एवाची आई वरच्या पायरीवर बसली होती, चिलीम पेटवलेली. एवा आत चुलीशी होती, तांदळात कोंब आणि मिरच्या घालून सगळ्यांसाठी पातळ भात शिजवत होती.

"चुकलंच आमचं," सॉ नेठू म्हणाला. "काल यायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

"ते जाऊ दे आता. पुढच्या वर्षी पिल्लू मोठं होईल. मग दगडाचं काय? तेव्हा दिवस कशावरून धरायचा? तुझं काय म्हणणं आहे?"

म्हातारीनं आत बघितलं. आत एवा पळीनं भात ढवळत होती, तिला बहुतेक ऐकू गेलं होतं, पण ती उत्तर द्यायला वेळ घेणार होती. या वेळी कुणी निघून गेलं नाही. सगळे जिन्याशी उभे राहिले.

"मला काय विचारतोस, पाती?" म्हातारी म्हणाली. "मी एवाची आई."